परतीची गाडी आणि बाईची मजुरी

धामापूरच्या थांब्यावर सकाळी उभे राहिले म्हणजे श्रमाच्या बाजाराचे जे दर्शन घडते, ते पाठ्यपुस्तकात सहसा घडत नाही. पुरुष मोटारसायकलीवरून कुडाळच्या औद्योगिक वसाहतीकडे, बांधकामावर किंवा मालवणच्या पर्यटन व्यवसायाकडे निघून जातात. बायका बहुधा पायी निघतात. कोणी काजूच्या कारखान्यात जाते, कोणी दुसऱ्याच्या शेतात वा बागेत. मध्यंतरी शेजारच्या वाडीतील एका बाईंना मी विचारले, की कुडाळला अधिक मजुरीचे काम मिळाले असता ते त्यांनी का सोडले. त्या म्हणाल्या, “मजुरी बरी होती ओ सरानू, पण परतीची गाडी खंय आसा?”

हा प्रश्न आता अर्थशास्त्रज्ञांच्याही विचाराचा विषय झाला आहे. ल बार्बांशाँ, रातलो आणि रुले या तीन संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात फ्रान्समधील बेरोजगारांच्या सरकारी नोंदी तपासल्या. काम शोधताना किमान किती वेतन हवे आणि घरापासून किती दूर जाण्याची तयारी आहे, हे तेथे नोंदवावे लागते. स्त्रियांनी सांगितलेले किमान वेतनही कमी होते आणि अंतरही कमी होते. जाण्यायेण्याच्या त्रासाला स्त्रिया पुरुषांपेक्षा सुमारे २० टक्के अधिक महत्त्व देतात, आणि स्त्री-पुरुषांच्या वेतनातील तफावतीचा सुमारे १४ टक्के भाग एवढ्यानेच उलगडतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे. फ्रान्समध्ये रस्ते आहेत, गाड्या आहेत, पाळणाघरेही आहेत. तेथे ही स्थिती असेल, तर आपल्याकडे अंतराची किंमत बाईला किती मोजावी लागत असेल, याची कल्पना करता येईल.

अशा संशोधनात ‘पसंती’ हा शब्द वारंवार येतो. बाईला जवळचे काम पसंत असते, असे सांगितले जाते. या शब्दापाशी आपण थांबले पाहिजे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्या बिनमोल कामावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे खर्च करतात, तर घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटे. चूल, पाणी, गोठा, मुले आणि सासूसासऱ्यांचे औषधपाणी आटोपून जो वेळ उरतो, तेवढाच बाईला बाजारात विकता येतो. तिचे अंतर किलोमीटरने मोजून चालणार नाही, ते तासांनीच मोजले पाहिजे. घरच्या कामाच्या वाटणीने जी लादली, तिला पसंती म्हणणे म्हणजे बेडीला दागिना म्हणण्यासारखे आहे.

या सक्तीचा लाभ कोणाला होतो? ज्या बाजारात विकणारे पुष्कळ आणि विकत घेणारा एकच असतो, तेथे दर खरेदीदार ठरवतो. श्रमाच्या बाजाराला हा विचार जोन रॉबिन्सन यांनी १९३३ च्या आपल्या ग्रंथात लावून दाखवला. चालत जाण्याच्या टप्प्यात एकच कारखाना असेल, तर तेथील बायकांपुरता तो मालक एकमेव खरेदीदारच असतो. काजूच्या धंद्यात भाजणे-वाफवणे हे बहुधा पुरुषांचे काम, आणि फोडणे-सोलणे बायकांचे. बायकांना मजुरी किलोच्या हिशेबाने मिळते, आणि टरफलातील तेलाने हात पोळतात ते वेगळेच. समजा, गावात दिवसाला ३०० रुपये सुटतात आणि तालुक्याच्या गावी ४०० मिळतात. भाड्याचे ४० वजा केले तरी ६० रुपये उरतात. पण संध्याकाळची गाडी चुकली की रिक्षाचे भाडे ते ६० रुपये गिळून टाकते, शिवाय घरी बोलणी खावी लागतात ती निराळीच. गावच्या मालकाला हे गणित पक्के ठाऊक असते, म्हणून दर वाढवण्याची त्याला गरज भासत नाही.

समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला, आणि २०१९ च्या वेतन संहितेत ते तत्त्व पुन्हा आले. हे तत्त्व मौलिक आहे. परंतु त्याची तुलना एका आस्थापनेच्या आत, सारख्या स्वरूपाच्या कामांपुरती होते. गावातील कारखाना आणि कुडाळमधील कारखाना यांच्यातील तफावत त्याच्या कक्षेत येत नाही. उलट रोजगार हमीच्या परंपरेत अंतराची जाणीव होती. २००५ च्या केंद्रीय कायद्यात काम पाच किलोमीटरच्या आत देण्याची, अन्यथा १० टक्के अधिक मजुरीची तरतूद होती. अंतर हा मजुरीचा भाग आहे, हे शासनाने तेथे कबूल केले होते.

आकडेवारीची गोष्ट याहून विचित्र आहे. २०११ च्या जनगणनेत कामावर जाण्याचे अंतर आणि साधन विचारले गेले, पण ते केवळ ‘इतर कामगारां’ना. शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगातील माणसे वगळली गेली. डोक्यावर भारा घेऊन मळ्यात जाणारी बाई कोठे जातच नाही, असा त्याचा अर्थ होतो. श्रमबलात सहभागी स्त्रियांचे प्रमाण २०१७–१८ मध्ये २३.३ टक्के होते, ते २०२३–२४ मध्ये ४१.७ टक्के झाले, याचा गाजावाजा पुष्कळ झाला. तथापि या कामकरी स्त्रियांपैकी निम्म्याहून कितीतरी अधिक स्वयंरोजगारात मोडतात, आणि त्यांत घरच्या शेतात वा दुकानात बिनपगारी राबणाऱ्यांचा वाटा मोठा आहे.

यात आपल्या चळवळीचाही दोष आहे. कोकणचा चाकरमानी गिरणीत गेला, त्याच्या बोनससाठी आपण लढलो, १९८२ च्या संपात त्याच्यामागे उभे राहिलो. त्याची मनीऑर्डर अपुरी पडे, तेव्हा गावची शेती आणि घर कोणी ओढून नेले, तिची मजुरी काय होती, हा प्रश्न आपल्या ठरावांत क्वचितच आला. २०११ च्या गणनेत सिंधुदुर्गात दर हजार पुरुषांमागे १०३६ स्त्रिया होत्या. ज्या जिल्ह्यात स्त्रिया अधिक, त्या जिल्ह्यात स्त्रियांची मजुरी हा दुय्यम प्रश्न कसा ठरतो?

काही कार्यकर्ते म्हणतील, गावातच काम द्या म्हणजे प्रवासाचा प्रश्नच उरणार नाही. गावात काम हवेच. परंतु एकाच मालकाचे काम गावात आणून दर सुधारत नाही. बाईला दुसऱ्या दारी जाता आले, तरच पहिल्या दारी तिच्या शब्दाला वजन येते. १७ मार्च २०२३ पासून राज्य परिवहनच्या गाड्यांत स्त्रियांना निम्मे भाडे झाले, ही सवलत स्वागतार्ह आहे. पण सवलत तिकिटावर मिळते, आणि जी गाडी नाही तिला तिकीट नसते.

म्हणून आमचे सांगणे असे. कामाच्या वेळा पाहून सकाळ-संध्याकाळच्या गाड्यांचे वेळापत्रक ठरवावे, ही मागणी ग्रामसभेच्या ठरावात आणि मजुरीच्या मागणीपत्रात एकाच वेळी यावी. किलोच्या दराने काम करणारीला दिवसाअखेर किमान वेतन पडते की नाही, हे वाडीवाडीत जाऊन लिहून काढावे. पाळणाघर हा दयेचा नव्हे, वेतनाचा विषय मानावा. आणि ज्या कार्यकर्त्याची बायको बैठकीला येत नाही, त्याने त्या संध्याकाळी आपल्या घरी भात कोण शिजवतो, हेही मोजावे. सर्वेक्षणाचा आरंभ तेथूनच व्हावा.