‘गोल्फ आपल्या कामाचा नाही’ म्हणणाऱ्यांना उत्तर

इंदापूर तालुक्यातल्या लोणी देवकरमध्ये गोल्फचं नाव काढून पाहा. पुणे-सोलापूर महामार्ग, एमआयडीसी, भोवती ऊस आणि डाळिंब, पलीकडे उजनीचं पाणी. या पसाऱ्यात गोल्फ कुठे बसवायचा, म्हणून माणूस आधी हसेल. मग एक जण म्हणेल, ‘हे साहेबलोकांचे चोचले. आपल्याला काय करायचंय?’ दुसरा म्हणेल, ‘इथं टेलला पाणी पोचंना आणि यांना हिरवळ पायजे!’ तिसरा जरा आवाज खाली आणून विचारेल, ‘त्यात पोरीच्या जातीनं?’ आणि मोबाइलवर प्रेरणादायी भाषणं ऐकून तयार झालेला चौथा सांगेल, ‘जिद्द पायजे, काका. जिद्द असली की काहीही होतं.’ पहिले तिघे या खेळाला नाकं मुरडतात, चौथा त्याला डोक्यावर घेतो. माझं भांडण चौघांशीही आहे, आणि सगळ्यांत जास्त चौथ्याशी.

विषयाचं निमित्त सांगतो. 13 जुलै 2025 रोजी फ्रान्समधल्या एव्हियाँ इथे सिडनीच्या ग्रेस किमने महिला गोल्फच्या पाच मोठ्या स्पर्धांपैकी एक जिंकली. वय चोवीस. चार दिवसांच्या खेळातला शेवटचा, बहात्तरावा होल सुरू झाला तेव्हा ती मागे होती. होल पाच फटक्यांचा. किमने दुसऱ्याच फटक्यात चेंडू झेंड्याच्या अगदी जवळ आणला आणि तिसऱ्यात आत घातला. गोल्फवाले याला ईगल म्हणतात. तरीही थायलंडच्या जीनो थितिकुलला एका पटवर, म्हणजे ग्रीनवरून (होलाभोवतीच्या हिरवळीवरून) मारायच्या हलक्या फटक्यावर, स्पर्धा संपवता आली असती. तो पट हुकला आणि बरोबरी झाली. प्लेऑफमध्ये किमचा चेंडू पाण्यात गेला. दंडाचा फटका पदरात घेऊन तिने ग्रीनच्या बाहेरून चिप मारली आणि चेंडू थेट होलात गेला. थितिकुलनेही चारच फटके घेतले, म्हणून पुन्हा तोच होल. या खेपेला किमने पुन्हा ईगल केला. स्पर्धा हातची गेली असं म्हणायची वेळ तिच्यावर दोनदा आली आणि दोन्ही वेळा ती सावरली. हे ऐकून चौथ्याला भरून येतं. येऊ दे. त्याच्याकडे शेवटी वळतो, आधी पहिला.

‘साहेबलोकांचा खेळ’ हा आक्षेप आपल्या देशापुरता खोटा नाही. गोल्फ आपल्याकडे साहेबाच्या सामानाबरोबर आला. रॉयल कलकत्ता क्लब 1829 चा, चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी 1927 चा. साहेब गेला, पण फाटक, दरवान आणि सभासदत्वाची फी मागे राहिली. पण फाटकाचा दोष खेळाच्या माथी कसा मारता येईल? ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात, बर्डेकिन नदीच्या मुलखात एअर नावाचं आठ-नऊ हजार वस्तीचं गाव आहे. चहूकडे ऊस. कलामिया आणि पायोनियर हे साखर कारखाने गावाच्या आसपासच. नदीवर धरण, खाली उसाचे फड, तोडणीआधी फड पेटवायची रीत. आपल्यासारख्या ऊसतोडीच्या टोळ्या तेवढ्या दिसणार नाहीत, कारण तिथे तोडणी यंत्राने होते. बाकी इंदापूरच्या माणसाला त्या शिवारात नेऊन सोडलं तर तो पाणी कधी सुटतं हेच आधी विचारेल.

याच गावात 1974 साली कॅरी वेब जन्मली. आजी-आजोबा गोल्फ खेळणारे, त्यांच्या मागे मागे ही लहानपणापासून मैदानावर. तिचा गुरू केल्विन हॅलर गावचाच. एका अपघातात त्याचं मानेखालचं अंग निकामी झालं, तरी व्हीलचेअरवर बसून, तिचा फटका नुसता पाहून आणि बोलून तो शिकवत राहिला. 1995 मध्ये वेबने विमेन्स ब्रिटिश ओपन जिंकली. 1996 मध्ये अमेरिकेतल्या पहिल्याच हंगामात तिने दहा लाख डॉलरची कमाई ओलांडली; तिथल्या महिला टूरवर तोवर एका हंगामात एवढं कुणीच मिळवलं नव्हतं. पुढे तिने सात मोठ्या स्पर्धा जिंकल्या आणि 2005 मध्ये तिला हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं. साखर कारखान्याच्या धुराड्याखालची ही मुलगी. साहेब यात कुठे आला?

आपल्याकडेही फाटक अधूनमधून किलकिलं झालेलं आहे. दिल्लीच्या क्लबात कॅडी म्हणून लोकांच्या बॅगा वाहणाऱ्या अली शेरने 1991 मध्ये इंडियन ओपन जिंकली. हा मान मिळवणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू. रॉयल कलकत्ताच्या मैदानाची निगा राखणाऱ्या कामगाराचा मुलगा शिव शंकर प्रसाद चौरसिया हा 2016 आणि 2017 अशी दोन वर्षं लागोपाठ इंडियन ओपनचा विजेता ठरला. मात्र कॅडी होऊन आत शिरायची ही चोरवाट मुलांना होती, मुलींना तीही नव्हती. तो मुद्दा तिसऱ्याच्या वेळी.

दुसऱ्याचा आक्षेप पाण्याचा, आणि त्याला हसण्यावारी नेणारा माणूस या तालुक्यातला नसावा. उजनीतून इंदापूरला पाच टीएमसी पाणी द्यायचा आदेश एप्रिल 2021 मध्ये निघाला, सोलापूर पेटलं आणि मे महिन्यात आदेश गुंडाळावा लागला. अशा मुलखात शे-दीडशे एकरांच्या अठरा होलच्या हिरवळीची मागणी करणं म्हणजे लोकांच्या घागरीत हात घालणं. मी ती मागणी करत नाही आणि कुणी केली तर विरोधात उभा राहीन.

पण पाण्याचं कारण एका प्रकारच्या मैदानाला लागू पडतं, खेळाला नाही. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागात कितीतरी गावांनी गवताचं ग्रीन सोडून तेल घातलेल्या वाळूवर पटिंगची जागा केली आहे. कूबर पेडी या ओपल खाणींच्या गावात तर मैदानावर गवताचं पातं नाही. खेळाडू गवताचा तुकडा सोबत बाळगतो, फटका मारताना चेंडू त्यावर ठेवतो आणि तुकडा उचलून पुढे चालू लागतो. आपल्या लष्करी छावण्यांमध्येही वाळू-मातीची अशी ग्रीन होती, त्यांना ब्राउन्स म्हणत. मुलीला फटका शिकायला एक जाळी, एक चटई आणि दोनेकशे मीटर पडीक रान पुरतं. आणि ज्याला पाण्याची एवढी चाड आहे, त्याने पाटाने भिजणाऱ्या आपल्या उसाकडेही एकदा पाहावं. उसाला पाणी सोडताना न आठवणारी टंचाई मुलीने मैदान मागितलं की नेमकी आठवते. ही काटकसर नव्हे, ही सबब आहे.

आता तिसरा, ‘पोरीच्या जातीनं’वाला. त्याला एक गंमत सांगायला हवी: त्याचं आणि गोऱ्या साहेबाचं या बाबतीत शंभर टक्के एकमत होतं. सेंट अँड्र्यूजचा रॉयल अँड एन्शंट क्लब 1754 चा. बाईला सभासद करून घ्यायचा ठराव तिथे झाला 2014 मध्ये, म्हणजे 260 वर्षांनी. अमेरिकेच्या ऑगस्टा नॅशनलने पहिल्यांदा स्त्रियांना सभासद केलं ते 2012 मध्ये. तेव्हा ‘गोल्फ म्हणजे सभ्य, सुधारलेला खेळ’ असं मानणाऱ्यांनीही फार भारावून जाऊ नये. या खेळाने बायकांना काही आदराने आत बोलावलेलं नाही. त्या खेळत राहिल्या, जिंकत राहिल्या, म्हणून दारं उघडावी लागली.

‘पोट भरतं का?’ हाही त्याचाच प्रश्न. पर्थच्या मिनजी लीने 2022 मध्ये यूएस विमेन्स ओपन जिंकली तेव्हा तिला 18 लाख डॉलर मिळाले. त्याच वर्षी पुरुषांच्या यूएस ओपनच्या विजेत्याला साडेएकतीस लाख डॉलर. तफावत आहेच, पण उपाशी राहायची वेळ नक्कीच नाही. मात्र मी इथे मुद्दाम हात आखडता घेतो, कारण एवढी कमाई मोजक्या जणींची असते. खालच्या फळीतल्या खेळाडूला प्रवास, कॅडी, राहणं-जेवण हे सारं आधी स्वतःच्या खिशातून भागवावं लागतं. म्हणूनच भारतातून वर आलेल्या मुलींच्या मागे घर भक्कम उभं दिसतं. अदिती अशोक टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथी आली, पदक एका फटक्याने हुकलं. तिथे तिची बॅग वाहत होती तिची आई. कर्णबधिर असलेली दीक्षा डागर लष्करी अधिकाऱ्याची मुलगी. युरोपीय टूरवरच्या स्पर्धा जिंकणाऱ्या दीक्षाच्या नावावर डेफलिंपिकचं सुवर्णही आहे. पोरीच्या जातीला हे जमत नाही, असं म्हणायला आता जागा उरलेली नाही. जमवायला घरच्यांचा खिसा लागतो आणि तो सगळ्यांकडे नसतो, हे मात्र खरं. इथेच चौथ्याची गाठ पडते.

‘जिद्द असली की काहीही होतं’ हे वाक्य ऐकायला गोड आहे आणि म्हणूनच घातक आहे. हिशेब मांडून बघू. वेबने सातवी मोठी स्पर्धा जिंकली 2006 मध्ये. त्यानंतर तेरा वर्षं एकाही ऑस्ट्रेलियन बाईला मोठी स्पर्धा जिंकता आली नाही. त्या तेरा वर्षांत तिथल्या मुलींची जिद्द काय आटली होती? मग 2019 मध्ये हॅना ग्रीन, 2021, 2022 आणि 2025 मध्ये मिनजी ली आणि 2025 मध्येच ग्रेस किम अशा तिघींनी मिळून सात वर्षांच्या आत पाच मोठ्या स्पर्धा जिंकल्या. जिद्दीला अचानक भरती आली का?

मधल्या काळात जे घडलं ते सांगतो. वेबने स्वतःच्या नावाची शिष्यवृत्ती सुरू केली. देशातल्या सर्वोत्तम हौशी मुली निवडायच्या आणि त्यांना अमेरिकेत एखाद्या मोठ्या स्पर्धेला सोबत न्यायचं. आठवडाभर वेबबरोबर राहायचं, तिचा सराव हाताच्या अंतरावरून पाहायचा, मोठ्या मैदानाची भीती आधीच मोडून टाकायची. ली या शिष्यवृत्तीतून गेली, ग्रीन गेली, किमही गेली. जून 2019 मध्ये अमेरिकेत हेझल्टीनच्या मैदानावर ग्रीनने शेवटचा पट घातला आणि एका फटक्याने स्पर्धा जिंकली, तेव्हा तिच्या स्वागताला हिरवळीच्या कडेला वेब उभी होती. त्या आठवड्यात शिष्यवृत्तीवर आलेल्या मुलींमध्ये अठरा वर्षांची ग्रेस किम होती. आपल्याच वाटेने पुढे गेलेली ताई मोठी स्पर्धा जिंकताना तिने जवळून पाहिली. सहा वर्षांनी एव्हियाँला चेंडू पाण्यात गेला तेव्हा तिचा हात थरथरला नाही, याचं सगळं श्रेय तिच्या एकटीच्या जिद्दीला देणं म्हणजे वेबचं, प्रशिक्षकांचं, घरच्यांचं आणि क्लबांचं देणं बुडवणं.

ली आणि किम दोघीही कोरियातून ऑस्ट्रेलियात आलेल्या कुटुंबांतल्या मुली, हेही ‘साहेबलोकांचा खेळ’ म्हणणाऱ्या पहिल्याने टिपून ठेवावं. परक्या देशातून आलेल्या घरातली मुलगी तिथल्या क्लबात शिकू शकली, कारण दार तिच्यासाठी उघडं होतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? चौथा फक्त पोहऱ्याची आरती ओवाळतो.

खंडन एवढं पुरे. आता माझं म्हणणं मांडतो. लोणी देवकरला गोल्फ पाहिजे असं मी म्हणत नाही. एअर गावाकडून घ्यायची आहे ती साखळी: गावात राहणारा गुरू, मुलीला विश्वासाने पाठवता येईल असं मैदान आणि पुढे गेलेल्या खेळाडूने मागच्या मुलीला हाताला धरून मोठ्या जागी नेण्याची शिस्त. खेळ कबड्डी असो, खो-खो असो, कुस्ती असो की तिरंदाजी.

हे आपल्या मातीत उगवतं का, असं कुणी विचारलं तर उत्तर लांब नाही, साताऱ्यात आहे. तिथे प्रवीण सावंत या तिरंदाजी प्रशिक्षकाने उसाच्या रानातल्या मैदानावर मुलं तयार केली. 5 ऑगस्ट 2023 रोजी बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत कंपाउंड प्रकारात त्यांची शिष्या अदिती स्वामी वयाच्या सतराव्या वर्षी विश्वविजेती झाली, आणि त्याच दिवशी त्यांचाच शिष्य ओजस देवतळे पुरुषांत विश्वविजेता झाला. ओजस नागपूरचा; शिकायला साताऱ्याला आला. एका गुरूच्या हाताखालचे दोन विश्वविजेते, एकाच दिवशी. हा योगायोग वाटत असेल तर पुन्हा एकदा एअरची गोष्ट वाचा.

इंदापूर-बारामतीत पैसा नाही असं कुणी म्हणू नये. इथे साखर कारखाने आहेत, दूधसंघ आहेत, लोणी देवकरला औद्योगिक वसाहत आहे. 2013 च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांनी सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे असतात, आणि त्या कामांच्या यादीत ग्रामीण व ऑलिंपिक खेळांचं प्रशिक्षण स्पष्ट लिहिलेलं आहे. आपण त्यातून काय करतो? मुलगी जिल्ह्यात पहिली आली की चौकात फ्लेक्स, शाल, श्रीफळ, चार भाषणं. फ्लेक्सवर तिच्या फोटोपेक्षा शुभेच्छुकांचे फोटो मोठे. दहावी-बारावी झाली की तिच्या लग्नाचं बोलणं निघतं, आणि फ्लेक्सवरच्या शुभेच्छुकांतला एकही तिच्या घरी जाऊन ‘अजून चार वर्षं थांबा, खर्च आमचा’ असं म्हणत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. तालुक्याने एक खेळ निवडावा. एका प्रशिक्षकाला दहा वर्षांचा पगार बांधून द्यावा, निकाल लगेच मागू नये. दरवर्षी दोन मुली निवडून त्यांना याच भागातल्या, राष्ट्रीय पातळीवर खेळलेल्या एखाद्या ताईबरोबर मोठ्या स्पर्धेला आठवडाभर पाठवावं. खेळायला नव्हे, पाहायला आणि सरावायला. आणि हा खर्च मुलगी वीस-बावीस वर्षांची होईपर्यंत थांबू नये. एका फ्लेक्सबाजीच्या हंगामात जळणारा पैसा या कामाला वर्षभर पुरेल.

जिद्द मुलींकडे आहे, तिचा हिशेब त्या देतील. प्रशिक्षकाचा पगार, एसटीचं आणि रेल्वेचं भाडं आणि सोबत जाणारी ताई, यांचा हिशेब आपण द्यायचा आहे. तो द्यायची तयारी नसेल, तर निदान ‘आपल्या पोरींना का जमत नाही’ हा प्रश्न तरी चौकात पुन्हा विचारू नये.