अंगठ्याचे वतन

१९५० च्या कायद्याने कुलकर्ण्यांची वतने गेली, १९६२ च्या कायद्याने पाटीलकी गेली, आणि आम्ही महाराष्ट्रीयांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तो जरा लवकरच टाकला, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. वतन पुन्हा आले आहे. ते जमिनीत नाही, चावडीत नाही. खिशातल्या फोनमध्ये आहे, आणि त्याचा धारक स्वतःला ॲडमिन म्हणवतो. व्हॉट्सॲपवर ज्याने गट काढला त्याला मागाहून नेमलेले ॲडमिन हलवू शकत नाहीत. तो आपण होऊन उठेल तेव्हाच गादी रिकामी होते. जुन्या वतनदाराला निदान सरकारचा सारा वसूल करून द्यावा लागे. या नव्या वतनदाराकडे कोणी काहीच मागत नाही.

हे मी कुंपणाबाहेर उभा राहून बोलत नाही. मी स्वतः असा वतनदार होतो, आणि वतन मी वाईट रीतीने चालवले. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पोरांना शिकवावे आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहाव्यात, एवढाच माझा व्यवसाय. कायदेपंडिताचा आव मला आणायचा नाही. परंतु वर्गात एका पोराच्या हाती खडू, डस्टर, हजेरी आणि छडी अशी चारही दिली की काय होते, हे मास्तराला कोणी शिकवावे लागत नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फुटांची. गावभाग, खणभाग, सांगलवाडी पाण्यात. आमचे विश्रामबाग उंचावर, म्हणून कोरडे. कोरड्या माणसांनी करायचे ते आम्ही केले. मदतीसाठी एक गट काढला. त्या वेळी गटात २५६ माणसे मावत; तो एका दिवसात भरला. आम्ही तिघे ॲडमिन होतो. रात्री निरोपांचा पूर नदीच्या पुरासारखाच चढला. कोणी देवाची चित्रे पाठवी, कोणी तीन वर्षांपूर्वीच्या दुसऱ्याच गावच्या पुराची छायाचित्रे पाठवी; शेवटी धरण फुटल्याची आवई आली आणि आमच्या गल्लीतल्या बायका पोरे काखेत मारून जिन्यांवर चढल्या. आम्ही तिघांनी विचार केला, विचार कसला, अंगठा दाबला. यापुढे फक्त ॲडमिन लिहितील! गट शांत झाला. आम्हांला वाटले, व्यवस्था लागली.

दुसऱ्या दिवशी आम्ही गल्लीवार यादी लावली. गावभागातल्या एका बोळापुढे आम्ही ‘रिकामा’ असे लिहिले. त्या बोळात एका घराच्या माडीवर म्हातारा-म्हातारी दीड दिवस अडकून होती आणि म्हाताऱ्याचे इन्सुलिन संपलेले होते. त्यांना अखेर बाहेर काढले ते वाटेने जाणाऱ्या एका नावेने, योगायोगाने. आमच्या यादीने नव्हे. आणि हे ज्याला ठाऊक होते तो आमच्याच गटात होता! रोज त्या घरी दूध घालणारा गवळी. पुढे त्याला विचारले तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, “मास्तर, मला म्हाईत हुतं. पर लिवायला जागाच नव्हती. तुमचा फोन लावला, तो बंद लागला.”

माझा फोन बॅटरी संपून पडला होता. २५६ माणसांचे तोंड मी माझ्या एका बॅटरीला बांधले होते.

दुसरा अपराध त्याहून लहान दिसतो. मला तो मोठा वाटतो. पूर ओसरल्यावर गट पुन्हा उघडला. एका निवृत्त कारकुनाने लिहिले, जमलेल्या वर्गणीचा हिशेब कळावा. साधा प्रश्न. आमच्यातल्या एकाला तो संशय वाटला. त्याने अंगठा दाबला आणि ते गृहस्थ गटाबाहेर. मी पाहिले आणि गप्प बसलो. म्हणजे त्या अंगठ्यात माझाही अंगठा होता.

आता ही सांगली सहकाराची. साखर कारखाना, दूध संस्था, पतपेढी यांवाचून आमच्या जिल्ह्यात माणूस जन्मत नाही की मरत नाही. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात सभासदाला काढायचे तर त्यासाठी खास सर्वसाधारण सभा बोलवावी लागते, हजर असलेल्या मताधिकारी सभासदांपैकी तीनचतुर्थांशांचा ठराव लागतो, त्या सभासदाला आपली बाजू मांडू द्यावी लागते, आणि इतके झाल्यावरही निबंधकाची मंजुरी लागते. असे का? कारण कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते, की हिशेब विचारणारा माणूस संस्थेला नेहमीच नकोसा असतो. ज्या गृहस्थांना पतपेढीतून काढायला चार पायऱ्या चढाव्या लागल्या असत्या, त्यांना आम्ही झोपायच्या आधी अंथरुणावर पडून काढले.

या टीकेला एक उत्तर ठरलेले असते. “उद्या कोणी भलते लिहिले आणि पोलीस आले तर कोणाला धरतील? ॲडमिनलाच!” ही भीती आता जुनी झाली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये निकाल दिला आहे, की सभासदाने लिहिलेल्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल, समान हेतू असल्याचे दिसल्यावाचून, केवळ ॲडमिन आहे म्हणून ॲडमिनला गुन्हेगार धरता येत नाही. तेव्हा पोलिसांची सबब सांगून लोकांची तोंडे शिवणाऱ्यांनी दुसरी सबब शोधावी.

दुसरे उत्तर मात्र खरे आहे आणि त्याला मी मान देतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावाने पाच निरपराध माणसांना ठार मारले. मुले पळवणाऱ्या टोळीची आवई मोबाइलवरून फिरली होती. भिक्षेकरी भटके तिच्यात सापडले. मोकळे तोंड माणूस मारू शकते, याहून ढळढळीत पुरावा कोणता हवा? म्हणून ‘सगळ्यांना सगळे मोकळे’ म्हणणाऱ्यांच्या पंक्तीलाही मी बसत नाही. पण याचा अर्थ काय? आवई खोडली पाहिजे, एवढाच. एक खोटा निरोप पुसण्यासाठी २५६ माणसे मुकी करणे म्हणजे एका पोराने शीळ घातली म्हणून सगळा वर्ग उन्हात उभा करणे होय. आम्हांला त्या रात्री दुसऱ्याचा निरोप पुसता येत नव्हता, हे कबूल. व्हॉट्सॲपने ती सोय ॲडमिनला २०२२ मध्ये दिली. परंतु सोय आल्यावरही किती गटांनी कुलूप काढले? कुलपाची सवय लागते, वाचकहो. तेच वतन.

माझा एक जुना विद्यार्थी येथेच वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकतो. त्याला मी ही रड सांगितली तेव्हा तो हसला. “सर, डिस्कॉर्डवर भूमिका असतात,” म्हणाला. २०१५ साली निघालेल्या त्या गप्पांच्या माध्यमात म्हणे एकेका भूमिकेला वेगवेगळ्या परवानग्या देता येतात. निरोप पुसण्याची एकाला, नवे दालन उघडण्याची दुसऱ्याला, माणूस काढण्याची तिसऱ्याला. एक हक्क दिला म्हणून दुसरा आपोआप मागे येत नाही. “आणि एक परवानगी अशी असते, सर, की ती दिली की सगळी कुलुपे उघडतात. शहाणा माणूस ती वाटत सुटत नाही.”

भूमिका हा शब्द ऐकून सांगलीकराला दुसरे काय आठवणार! १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी याच गावात ‘सीतास्वयंवर’ उभे केले. त्या खेळात सूत्रधार अखेरपर्यंत रंगभूमीवर असे. पदे तोच म्हणे आणि पात्रे त्याच्या पदांवर हलत. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ आले आणि पात्रे आपली पदे आपणच गाऊ लागली. मराठी रंगभूमीला सूत्रधाराच्या तोंडून पात्राच्या तोंडी गाणे आणायला ३७ वर्षे लागली. आमचे गट अजून १८४३ मध्येच आहेत. मी सूत्रधाराला हाकला म्हणत नाही. त्याच्यावाचून नाटक सुरू होत नाही. नांदी झाली, प्रस्तावना झाली, की त्याने विंगेत जावे, एवढेच म्हणतो.

जुलै २०२१ मध्ये कृष्णेने पुन्हा ५० फूट ओलांडले, तेव्हा आम्ही भूमिका वाटून घेतल्या. दोन गट केले. एकात सगळ्यांनी लिहायचे. दुसऱ्यात फक्त पडताळलेली बातमी, आणि पडताळणारे दोघे ॲडमिनपैकी नसलेले. प्रत्येक गल्लीचा एक माणूस, गावभागाचा तोच गवळी. पैशाचा हिशेब ठेवणारा वेगळा. त्याला माणूस काढण्याचा हक्क नाही. कोणाला काढायचे तर कारण आधी त्याला कळवायचे, त्याचे उत्तर गटापुढे ठेवायचे, आणि मग तिघांपैकी दोघांनी हो म्हणायचे. ॲडमिनकी एक वर्षाची. हे सगळे गटाच्या माहितीत आठ ओळींत लिहून ठेवले, म्हणजे नवा येणारा ते आधी वाचतो. गोंधळ झाला काय? झाला. देवाची चित्रेही आली. पण एकही बोळ न विचारता ‘रिकामा’ लिहिला गेला नाही.

मी पहिल्याच वर्षाअखेरीस उतरलो. उतरताना हात जड झाला, हे लपवत नाही. अंगठ्यालाही सत्तेची चटक असते.

त्याआधी एक काम उरले होते. त्या निवृत्त कारकुनांच्या घरी मी गेलो, क्षमा मागितली आणि गटात परत या म्हणालो. त्यांनी चहा दिला. २०१९ ची गोष्ट त्यांनी काढली नाही, मलाही लाजवले नाही. चष्मा पुसत एवढेच म्हणाले, “मास्तर, येतो की. पण तो हिशेब आला का?”

त्या रात्री मी जुनी वही काढून सगळा हिशेब पानापानाची छायाचित्रे घेऊन गटावर टाकला. तो चोख होता. पहिल्या दिवसापासून चोख होता.