शेताची राखण आणि कुत्र्याची शिकवण

कामठा व त्याच्या आसपासच्या खेड्यांत धान निसवल्यापासून पुंजणे मळून होईपर्यंत रात्रीची राखण चुकत नाहीं. रानडुकरांचा एक कळप एका रात्रींत किती बांध्या लोळवितो, हें वाचकांस आम्ही सांगावयास नको. या राखणींत गड्याचा खरा सोबती कुत्रा. परंतु शेतकरी बंधूंनीं रागावूं नये. ज्या प्राण्यावर आपण पिकाचा भार टाकतों, त्यास आपण शिकवीत मात्र कांहींच नाहीं. दिवसभर त्यास साखळीनें खुंटास बांधावें, शिळें अन्न लांबून फेंकावें, भुंकला तर दगड मारावा, न भुंकला तर शिव्या द्याव्या, आणि एके दिवशीं त्यानें शेजाऱ्याच्या पोरास चावा घेतला म्हणजे ‘जातच वाईट’ म्हणून मोकळें व्हावें, असा आपला क्रम आहे.

गोऱ्हा वळवितांना आपण असें करीत नाहीं. त्यास जुन्या बैलाशेजारीं जुंपतों, पहिल्या दिवशीं फार ओझें घालीत नाहीं, ठरलेली हांक देतों आणि तास सरळ गेलें म्हणजे पाठीवर थाप मारतों. मग कुत्र्यानें तेवढें सर्व आईच्या पोटांतून शिकून यावें, ही अपेक्षा कशी?

रशियांतील शास्त्रज्ञ पावलॉव्ह यांस १९०४ सालीं पचनक्रियेच्या अभ्यासाबद्दल नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांच्या कुत्र्यांस अन्नापूर्वी ठराविक आवाज ऐकविला जाई. पुढें नुसत्या आवाजानेंही त्यांच्या तोंडास पाणी सुटे. कुत्रा एका गोष्टीची सांगड तिच्या पाठोपाठ लागलीच घडणाऱ्या गोष्टीशीं घालतो. सकाळीं कोंबडी धरल्याबद्दल त्यास संध्याकाळीं बडविलें, तर त्यास कोंबडी आठवत नाहीं. धनी घरीं आला कीं मार बसतो, एवढेंच तो शिकतो. ‘ये’ म्हणून बोलावून मारणें तर सर्वांत घातक. असा कुत्रा पुढें कधींही बोलावल्यास येत नाहीं, आणि आपण त्यास हट्टी म्हणतों.

आमच्या भागांत आणखी एक अडचण आहे. ती ऐकून कोणास हसूंही येईल. घरांत पोवारी, गड्याशीं झाडीची बोली, बाजारांत हिंदी. एकाच कुत्र्यास आजी एका शब्दानें बोलावते, नातू दुसऱ्या, गडी तिसऱ्या. बिचाऱ्यानें ऐकावें कोणाचें? भाषा कोणतीही असो, घरांतील सर्वांनीं मिळून चारच शब्द ठरवावे: येण्याचा, बसण्याचा, तोंडांतील वस्तु सोडण्याचा आणि नकाराचा. शब्द एकदां, हलक्या पण स्पष्ट आवाजांत उच्चारावा. त्याप्रमाणें केलें कीं त्याच क्षणीं भाकरीचा तुकडा किंवा पाठीवर हात. ज्यास आज नकार दिला त्यास उद्यां मुभा देऊं नये. आज चुलीपाशीं बसूं देणें व उद्यां त्याच जागेवरून लाथ घालणें, यासारखा अन्याय नाहीं.

धाकावांचून जनावर वठणीवर येत नाहीं, असें पुष्कळांचें मत आहे. आम्हांस तें मान्य नाहीं. गुरगुरणें ही कुत्र्यानें दिलेली सूचना होय. त्याबद्दल मार खाल्लेला कुत्रा सूचना देण्याचें सोडतो आणि पुढें न गुरगुरतांच चावतो. गांवठी कुत्रा शिकत नाहीं, ही समजूतही तशीच निराधार आहे. मुधोळचा शिकारी कुत्रा आपल्याच दख्खनचा; त्याचीं पिल्लें २०१६ सालीं मेरठ येथील सैन्याच्या केंद्रांत शिक्षणासाठीं घेतलीं गेलीं.

शेतावरील कुत्र्याचें काम डुकराशीं झुंजण्याचें नव्हे. सुळ्याच्या एका फटक्यानें पोट फाटतें. त्यानें चाहूल घ्यावी, भुंकावें आणि बोलावतांच मचाणाखालीं परतावें. जो धन्यावर विश्वास ठेवतो तोच असा परततो. रात्रीं उघड्यावर साखळीनें बांधलेला कुत्रा तर बिबट्याच्या तोंडीं दिल्यासारखाच. नवेगांव-नागझिऱ्याच्या जिल्ह्यांत हें निराळें सांगणें नको.

चाव्याविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. जलसंत्रासाचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं कीं माणूस बहुधा वांचत नाहीं. म्हणून कुत्रा चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं दवाखान्यांत जाऊन लस घ्यावी. हळद, चुना, मिरची यांत वेळ दवडूं नये.

हिवाळ्यांत गांवोगांव पिल्लें होतात. ज्यांस शेतासाठीं पिल्लूं पाहिजे असेल त्यांनीं आठ आठवडे पुरे होईपर्यंत तें आईपासून तोडूं नये. घरीं आणल्यावर पहिल्या महिन्यांतच त्यास मुलें, गुरें, बैलगाडी, ट्रॅक्टर व पाहुणे यांची हळूहळू ओळख करून द्यावी, कारण या वयांत ज्याची भीति मोडते ती पुढें सहसा उपजत नाहीं. तीन महिन्यांचें झालें कीं पशुवैद्यकीय दवाखान्यांत नेऊन लस टोंचवावी, आणि पुढील लसीची तारीख घरच्या दिनदर्शिकेवर मांडून ठेवावी.