मागच्या बाकावरचा मुलगा

गेल्या महिन्यात नववीच्या वर्गात आम्ही विचारले, "मोठेपणी कोण व्हायचंय?" डॉक्टर, पोलीस, दुबईची नोकरी अशी उत्तरे आली. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "डीजे." वर्ग हसला. खरे सांगायचे तर आम्हीही हसलो. तो मान खाली घालून बसला आणि त्या दिवशी पुन्हा बोलला नाही.

घरी आल्यावर ते हसू आम्हाला टोचत राहिले. डीजे म्हटले की आपल्याला आठवते ती वरातीतली स्पीकरची भिंत, थरथरणाऱ्या काचा आणि आतल्या खोलीत कानावर उशी धरून पडलेली आजारी आजी. ती तक्रार रास्तच आहे. पण हा हुनर कुठून आला, हे तरी पाहावे म्हणून आम्ही वाचायला बसलो.

न्यूयॉर्कमधील ब्रॉन्क्स ही १९७०च्या दशकातली गरिबांची वस्ती. ११ ऑगस्ट १९७३ रोजी तिथल्या एका शाळकरी मुलीने इमारतीच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला. कारण काय? शाळा सुरू होण्याआधी नवे कपडे घ्यायला पैसे हवे होते! रेकॉर्डी वाजवल्या तिच्या भावाने, जमैकाहून आलेल्या क्लाइव्ह कॅम्पबेल ऊर्फ कूल हर्कने. गाणे थांबून नुसता ठेका वाजतो, तेवढ्या क्षणांत लोक जास्त रंगतात, हे त्याने हेरले. मग एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन यंत्रांवर लावून तो ठेकाच लांबवू लागला. हिप-हॉपची सुरुवात या संध्याकाळपासून मानतात.

त्याच वस्तीत जोसेफ सॅडलर नावाचा मुलगा होता. वडिलांच्या रेकॉर्डींना हात लावला की मार बसे. घरातली यंत्रे उघडून पाहायची त्याला खोड. शेवटी तो व्यावसायिक शाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकला. पुढची रेकॉर्ड लोकांना ऐकू जाण्याआधी आपल्याला हेडफोनवर ऐकता यावी, म्हणून त्याने स्वतः जोडणी केली. रेकॉर्डवर मेणखडूने खुणा करून ठेका नेमका कुठे परत येतो ते ठरवले. रेकॉर्ड हाताने मागेपुढे सहज सरकावी म्हणून तिच्याखाली जाड लोकरी कापडाची चकती घातली. त्याची आई शिवणकाम करी, त्यामुळे कापडाची पारख त्याला घरातच झाली होती. हाच पुढे ग्रँडमास्टर फ्लॅश म्हणून जगाला ठाऊक झाला. २०१९ मध्ये स्वीडनचा मानाचा पोलर संगीत पुरस्कार त्याला मिळाला.

आम्ही शिक्षक, म्हणून आम्हाला यात दिसली ती मेहनत. मोजणे, कान देणे, चुकले की पुन्हा करणे. गणिताच्या तासाला आम्ही याहून वेगळे काय मागतो?

संगीत कितपत जायज, यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत. तो निवाडा आमच्या अखत्यारीतला नाही. प्रत्येक घराने आपल्या जाणकारांना विचारावे. पण मनाई करायची झाली, तरी ती मुलाचे ऐकून घेतल्यावर करावी. हसून केलेली मनाई मुलाला आपल्यापासून दूर नेते, आणि मग तो काय करतो ते आपल्याला कळतही नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गासमोर आम्ही त्या मुलाची माफी मागितली. मधल्या सुट्टीत त्याने बाकावर बोटे आपटून चार-चारचे हिशेब दाखवले. "सर, सोळा मोजले की गाणं वळण घेतं," तो म्हणाला. आम्ही त्याला शाळेच्या बिघडलेल्या ध्वनिक्षेपकाची पेटी उघडून दिली. तीन दिवस खपून त्याने सुटलेली तार शोधली.

शनिवारी त्याच्या अम्मी भेटायला आल्या. म्हणाल्या, "सर, त्याच्या अब्बांना हे पसंत नाही. तुम्हीच त्याला समजवा." आम्ही म्हणालो, "आपा, आधी अब्बांना शाळेत पाठवा. ती पेटी त्यांना दाखवायची आहे."

अब्बा अजून आलेले नाहीत. आम्ही वाट पाहतो आहोत.