पूर थायलंडला आला, हार्ड डिस्क आपल्याकडे महागली

परवा कम्प्युटरच्या दुकानात कॉलेजचा एक पोरगा रॅम घ्यायला आला होता. भाव ऐकून तोंड उतरलं त्याचं. दुकानदार म्हणाला, "वरनंच महाग येतंय बाळा, तिकडं तैवानला भूकंप झालाय." कुठला भूकंप, कधीचा, ते दोघांनाही सांगता आलं नसतं. पोरगा "पुढच्या महिन्यात बघतो" म्हणून निघून गेला.

असलंच वाक्य मी 2011 साली ऐकलं होतं. तेव्हा तैवानच्या जागी थायलंड होतं, आणि ते खरं होतं.

तेव्हा साप्ताहिकाचं सगळं काम घरच्या पीसीवर चालायचं. 2005 आणि 2006 च्या कृष्णेच्या पुराचे मी काढलेले सगळे फोटो एकाच हार्ड डिस्कवर होते. दुसरी घेऊन कॉपी करून ठेवायची हे ठरलं होतं. सप्टेंबरात एक टीबीचा भाव विचारला, अडीच हजारांच्या थोडा वर. म्हटलं दिवाळीच्या जाहिरातींचे पैसे येऊ देत. पैसे आले नोव्हेंबरात (जाहिरातदारांची दिवाळी नेहमी उशिराच असते). दुकानात गेलो तर तीच डिस्क साडेपाच हजार. "साहेब, घ्यायची तर आज घ्या, उद्याचा भाव मी सांगत नाही." मी घेतली नाही. चार महिन्यांनी जुनी डिस्क टकटक करायला लागली आणि एका सकाळी बंदच पडली. फोटो गेले. थायलंडच्या पुरानं आमच्या पुराचे फोटो नेले, असं मी गमतीनं सांगतो, पण गंमत वाटत नाही.

तिकडं झालं होतं काय? त्या वर्षी थायलंडमध्ये पाऊस प्रचंड झाला. धरणं भरत आली तेव्हा पाणी सोडावं लागलं. आधीच का सोडलं नाही यावर तिथं मोठा वाद झाला. कोयना-अलमट्टीवरून भांडणाऱ्या आपल्या भागाला हा वाद नवीन नाही. आठशेच्या वर माणसं गेली. ऑक्टोबरात बँकॉकच्या उत्तरेला अयुथ्थाया भागातल्या औद्योगिक वसाहती एकामागून एक पाण्याखाली गेल्या. जगातल्या जवळपास निम्म्या हार्ड डिस्क त्या एका देशात बनत होत्या. वेस्टर्न डिजिटलचा बांग-पा-इनचा मोठा कारखाना बुडाला, यंत्रं बाहेर काढायला पाणबुडे लावावे लागले. डिस्क फिरवणारी छोटी मोटर बनवणाऱ्या निडेक कंपनीचे तिथले कारखानेही अडकले. सीगेटच्या कारखान्यात पाणी शिरलं नव्हतं, पण सुटे भाग येईनात म्हणून तेही अडले.

म्हणजे टंचाई खरीच होती. पण दुकानात भाव वाढले ते काही आठवड्यांत. तेव्हा शेल्फवर असलेला माल पुराआधी बनलेला, पुराआधीच्या भावानं आलेला. मी हे दुकानदाराला तोंडावर विचारलं. तो म्हणाला, "साहेब, ही विकून मला दुसरी भरायची आहे, ती मला कुणी जुन्या भावानं देणार आहे का?" छोट्या दुकानदाराचं हे म्हणणं मला आजही पटतं. शिवाय ऑगस्टपर्यंत 45 रुपयांच्या आसपास असलेला डॉलर डिसेंबरात 54 वर गेला होता. आपल्याकडच्या वाढीतला तो वाटा पुराचा नव्हताच, पण बिल सगळं पुराच्याच नावावर फाडलं गेलं.

मला पटत नाही ते पुढचं. बुडालेला कारखाना नोव्हेंबरअखेर पुन्हा सुरू झाला, तरी वर्षभरानंतरही भाव पुराआधीच्या पातळीवर आले नव्हते. ज्या सीगेटच्या कारखान्यात पाणी शिरलं नाही, त्या कंपनीला 2012 च्या जानेवारी ते मार्च या तिमाहीत 110 कोटी डॉलरच्या वर नफा झाला. आदल्या वर्षी त्याच तिमाहीत तो 10 कोटींच्या आत होता. आणि त्याच डिसेंबर-जानेवारीत दोन्ही बड्या कंपन्यांनी बऱ्याच डिस्कची वॉरंटी कमी केली. कुठं तीन वर्षांची दोन, कुठं एकच. भाव दुप्पट आणि भरवसा निम्मा. पुराच्या पाण्यानं वॉरंटी कशी काय कमी होते, हे मला अजून कळलेलं नाही.

त्याच काळात सॅमसंगचा हार्ड डिस्कचा धंदा सीगेटनं घेतला आणि हिताचीचा वेस्टर्न डिजिटलनं. सौदे पुराच्या आधीच ठरलेले, त्याचा दोष पुराला नको. पण मोठ्या कंपन्या उरल्या तीन. एकाकडं महाग म्हणून दुसऱ्याकडं जावं तर दुसरा आहे कुठं?

तैवानचंही असंच. 1999 च्या सप्टेंबरात तिथं भूकंप झाला, वीज गेल्यामुळं सिंचूचे चिपचे कारखाने काही दिवस बंद राहिले आणि रॅमचे भाव भडकले. पण 2024 च्या एप्रिलमध्ये मोठा भूकंप झाला, तेव्हा टीएसएमसीची 70 टक्क्यांहून जास्त यंत्रं 10 तासांत पुन्हा सुरू झाली होती. त्यामुळं "भूकंप झालाय" एवढ्यावर पाकीट काढू नका. कुठं, कधी आणि कारखाना किती दिवस बंद होता, हे मोबाईलवर दोन मिनिटांत कळतं. वॉरंटी किती ते बिलावर लिहून घ्या. आणि गरज खरी असेल, म्हणजे लग्नाचे, पोराबाळांचे फोटो एकाच डिस्कवर असतील, तर भाव उतरायची वाट बघू नका. मी बघितली.

आपल्या गावच्या 2005-06 च्या पुराचे फोटो कुणाकडं असतील, कागदावरचे असले तरी चालतील, तर मला कळवा. स्कॅन करून लगेच परत देतो.