वही पुसण्याआधी उघडून पाहा

सोलापूरच्या चादर-टॉवेल बाजारात अनेक पेढ्यांवर लाल वहीची जागा आता संगणकाने घेतली आहे. बिले करण्याचे काही प्रोग्राम वेगळे बसवावेही लागत नाहीत; क्रोमसारख्या ब्राउझरमध्येच उघडतात आणि नेट बंद असले तरी चालतात. सोय चांगली आहे. पण नेट नसताना लिहिलेले बिल जाते कुठे, हे आपले व्यापारी बांधव विचारीत नाहीत, याची आम्हाला चिंता वाटते.

ते बिल त्याच संगणकावर, ब्राउझरच्या आतल्या ‘इंडेक्सडीबी’ नावाच्या कोठारात जाते. नेट आल्यावर त्याची नक्कल कंपनीच्या सर्व्हरवर जाते. ती पोहोचेपर्यंत आपली खरी वही तेच कोठार.

बिले दिसेनाशी झाली की पहिला सल्ला मिळतो, ‘ब्राउझर साफ करा.’ आमच्या मते हे म्हणजे हिशेब जुळत नाही म्हणून वहीच जाळणे. क्रोममध्ये नुसती कॅश पुसली तर कोठाराला धक्का लागत नाही. पण ‘कुकीज आणि साइट डेटा’ यावर खूण केली, की सर्व्हरवर न गेलेली बिले कायमची गेली.

म्हणून आधी पाहावे. प्रोग्रामचे पान उघडे ठेवून एफ१२ कळ दाबावी, ‘ॲप्लिकेशन’ हा भाग निवडून त्यातले ‘इंडेक्सडीबी’ उघडावे. नोंदींचे तक्ते दिसतील. यादी आपोआप ताजी होत नाही, रिफ्रेश दाबूनच वाचावी. आत काही पुसू नये. बिल तिथे आहे पण पडद्यावर नाही, तर दोष दाखविण्यात आहे. इथे आहे पण पेढीच्या दुसऱ्या संगणकावर नाही, तर बहुधा पाठवणी अडली आहे. इथेही नाही, तर ब्राउझर आणि पत्ता तपासावा. क्रोमचे कोठार फायरफॉक्सला दिसत नाही. ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ असलेल्या आणि नसलेल्या पत्त्यांची कोठारेही निरनिराळी असतात.

हा नुसता यंत्राचा विषय नाही. २०१७ च्या केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार नोंदणीकृत व्यापाऱ्याला हिशेबाची पुस्तके वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. जाब ब्राउझरला नव्हे, मालकाला द्यावा लागतो. शिवाय यंत्रमागवाल्याचे देणे आणि गिऱ्हाइकाची जमा ही आपल्याकडची अमानत आहे.

तेव्हा प्रोग्राम विकणाऱ्याला तीन प्रश्न विचारा. किती बिले पाठवायची राहिली, हे पडद्यावर दिसते का? सर्व नोंदी एका फाइलमध्ये काढून घेता येतात का? जागा कमी पडल्यास ब्राउझरने कोठार आपणहून पुसू नये, म्हणून कायम साठवणुकीची परवानगी प्रोग्राम मागतो का? तिन्हींचे उत्तर होकारार्थी नसेल, तर तो प्रोग्राम फुकट मिळाला तरी महागच. आणि होकार मिळाला तरी रोज दुकान वाढविण्यापूर्वी नोंदींची एक नक्कल बाहेर काढून ठेवावी.