एडीएच तोंडपाठ, पाण्याची बाटली भरलेलीच

मध्यंतरी बारावीची एक मुलगी आईबरोबर दवाखान्यात आली. लातूरला होस्टेलवर राहून नीटची तयारी करते. लघवीला जळजळ, सारखं जावंसं वाटणं, दोन दिवस कणकण. दिवसभरात पाणी किती पितेस, असं विचारलं. "एक बाटली. तीपण कधी कधी उरते." का? क्लासमधून मध्येच उठलं की नोट्स राहतात, आणि सुट्टीत टॉयलेटला ही रांग. म्हणून पाणीच कमी प्यायचं.

मी सहज विचारलं, पाणी कमी पडलं की शरीर काय करतं गं? ती धडाधड बोलायला लागली. हायपोथॅलॅमसला रक्त घट्ट झाल्याचं कळतं, पिट्युटरीच्या मागच्या भागातून एडीएच हे संप्रेरक सुटतं, किडनी पाणी परत शोषून घेते, लघवी कमी आणि गडद होते. सगळं बरोबर. "मग तुझ्या लघवीचा रंग कसा आहे?" यावर ती गप्प.

ज्या पाठातलं हे उत्तर होतं त्याचा विषय होमिओस्टॅसिस, मराठीत समस्थिती. बाहेर काहीही चाललेलं असो, शरीर आतलं तापमान, पाणी, साखर ठरावीक मर्यादेत ठेवतं. हा शब्द वॉल्टर कॅनन या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1926 मध्ये रूढ केला. सोपं उदाहरण तुमच्या गच्चीवरच आहे: टाकीतला बॉलकॉक. पाणी खाली गेलं की तो उघडतो, टाकी भरली की बंद करतो. यालाच मुलं निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात.

पण नळालाच पाणी नसेल तर बॉलकॉक काय करणार? हे लातूरकरांना वेगळं सांगायला नको. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. किडनीचंही तसंच आहे. ती रोज साधारण 180 लिटर द्रव गाळते आणि त्यातला 99 टक्के परत घेते. इतकी काटकसर आपल्याला घरखर्चात जमत नाही! तरीही शरीरातली घाण बाहेर टाकायला दिवसाला निदान अर्धा लिटर लघवी लागतेच. किडनी पाणी वाचवते, तयार करत नाही. ते बाहेरूनच यायला हवं, आणि त्यासाठी शरीराने तहान ठेवली आहे. साखळीतली ही एकच कडी अशी, जी तुमच्या मुलीच्या हातात आहे. नेमकी तीच ती दाबून टाकते, लघवीसारखी. पाणी कमी पिणं आणि लघवी रोखून धरणं हे संसर्गाचं एकमेव कारण नाही, पण दोन्हींनी त्याला वाव मिळतो.

म्हणून माझं मत असं, की हा धडा शिकवायला मुलांच्या शरीरापासूनच सुरुवात करावी. बसल्या जागी नाडी मोजायची, दोन जिने चढून परत मोजायची, मग ती पूर्वपदावर यायला किती मिनिटं लागतात ते पाहायचं. दोन दिवस लघवीचा रंग वहीत लिहायचा, पाणी वाढवलं की तो कसा फिका होतो ते बघायचं. एवढं केलेला मुलगा एडीएचचा प्रश्न चुकेल, असं मला वाटत नाही.

नांदेड-लातूरचे शिक्षक म्हणतील, डॉक्टर, इथे सिलॅबस संपवायला वेळ नाही, नाडी कुठे मोजत बसता? अडचण खरी आहे. या दोन शहरांनी खेड्यापाड्यांतल्या किती मुलांना एमबीबीएसपर्यंत नेलं, याची मला जाणीव आहे. पण 720 पैकी 360 गुण जीवशास्त्राचे, आणि परीक्षा बहुतेक वेळा मे महिन्यात, भर दुपारी 2 वाजता. मराठवाड्यातल्या त्या उन्हात शरीर घामानेच थंड राहतं, आणि घामाला लागणारं पाणी रक्तातूनच येतं. डोकं दुखत असताना तीन तास पेपर सोडवायचा असेल, तर दहा मिनिटांची नाडी महाग नाही. आणि क्लासचालकांनो, टॉयलेट वाढवा. हाही शिकवण्याचाच भाग आहे.

त्या मुलीची लघवी तपासली, औषधं दिली, ती बरी झाली. कणकणीऐवजी थंडी वाजून ताप आला असता किंवा कंबरेच्या वर, बरगडीखाली दुखलं असतं, तर संसर्ग किडनीपर्यंत गेल्याची शंका घ्यावी लागली असती. तुमच्या मुलांना असं काही झालं, तर टेस्ट सिरीज संपायची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

आज रात्री होस्टेलवर फोन कराल, तेव्हा "किती मार्क पडले?"च्या आधी "लघवी पिवळी होते का गं?" असं विचारा. "काय गं मम्मी!" म्हणेल. तरी विचारा.